गुरुवारचं पान

पातूरकर सरांवर मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. त्यांच्या हाताखालून माझ्याहून हुशार अशी कितीतरी मुलं गेली. त्यांतले काही आज वकिली करतात, एक-दोघे सरकारी हुद्द्यावर आहेत, आणि त्यांची लेखणी माझ्यापेक्षा पुष्कळ सफाईनं चालते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळेच्या चार इयत्तांपुढे गेलं नव्हतं. त्यामुळे लिहायला बसलो की पहिल्याच ओळीपाशी मी अडतो. ही ओळ आपली की कुणाची ऐकलेली, असा संशय येत राहतो. तरी लिहितो आहे. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो तेव्हा जे कळलं, ते मनात तसंच ठेवून नागपूरला परत येऊन पुस्तकं उघडली, पण अभ्यास होत नाही. चुकेल ते वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

सर अमरावतीच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवत. बेताची उंची, काळी टोपी डाव्या कानाकडे कललेली, धोतराच्या निऱ्यांवर खडूची बोटं. आवाज इतका बारीक की मागच्या बाकावरच्यांना पुढे वाकून ऐकावं लागे, आणि तरी त्यांच्या तासाला गडबड होत नसे. ते कुणाला कधी रागावल्याचं मला आठवत नाही. फार झालं तर टोपी काढून टेबलावर ठेवीत. टोपी निघाली की वर्ग आपोआप चूप.

पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही. एकेकाला उभं करून आमच्या वऱ्हाडात नवख्या माणसाला विचारतात तेच विचारलं, "कोणाचा रे तू? गाव कोणतं?" माझी पाळी आली तेव्हा मी बाकाची कड धरून उठलो.

"पातूरजवळचा, सर. आमी माळी."

मागे कुणीतरी हसलं. "आमी"ला हसलं की "माळी"ला, ते कळलं नाही.

"काय लावता मळ्यात?"

"वांगी, अळू, कारली. केळी आहे. फुलं आहेत झेंडूची."

"केळी होणारच. विहिरींना पाणी गोडं आहे तिकडे," ते म्हणाले. "मीही पातूरचाच. नावावरून ओळखायला हवं होतंस लेका."

सगळ्यांची नावंगावं झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आता शब्दांनाही असंच विचारायचं. तू कोणाचा? गाव कोणतं? तुझे सोयरे कोण? अर्थ मग तो आपणच सांगतो. आल्याआल्या एकदम अर्थ विचारू नये. पाहुण्याला दारातच 'काय काम आहे' म्हणून विचारतो का आपण?"

शब्दाचं मूळ म्हणजे त्याचं गाव, आणि समानार्थी शब्द म्हणजे सोयरे. हा त्यांचा हिशोब वर्षभर चालला. मुलांनी त्यांचं नाव सोयरीक मास्तर पाडलं. एकदा खरोखरच कुणी गृहस्थ मुलीसाठी स्थळ विचारायला कॉलेजात आले होते. कुणा खोडकरानं पाठवलं असणार. सरांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, मुलीची सगळी माहिती विचारली आणि शेवटी म्हणाले, "माझ्याकडे सगळी विलायतेची स्थळं आहेत हो. पत्रिका जुळायची नाही."

परीक्षेत मात्र ही सोयरीक कामाला येत नसे. आमच्या वर्गात बळवंत म्हणून एक वकिलांचा मुलगा होता, हुशार आणि तोंडाळ. त्यानं पेपरात एका शब्दाचं गाव, बाप, आजा सगळं लिहून टाकलं. प्रश्न होता त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करण्याचा. तपासणारे बाहेरचे होते, त्यांनी भोपळा दिला. बळवंत भर वर्गात म्हणाला, "सर, तुमचे सोयरे मार्क देत नाहीत."

"नाही देत," सर म्हणाले. "सोयरे कुठे मार्क देतात? ते अडीअडचणीला येतात. थांब थोडा."

त्यांच्या कोटाच्या खिशात फुटाणे आणि गुळाचे खडे असत. एखाद्यानं चांगला सोयरा शोधून आणला की सर त्याला बक्षीस देत. ही बक्षीस देण्याची त्यांची तऱ्हा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मुलगा ब्राह्मणाचा असेल तर ते त्याच्या तळहातावर गूळ ठेवीत. माझ्यासारखा असेल तर हात थोडा वर धरून सोडीत. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आम्हाला असंच मिळतं हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. पण एकदा माझ्या हातावर फुटाणे सोडल्यावर सर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली. आम्हाला कळेना, गडबड तर कुणी केली नव्हती.

मी तेव्हा कापूस बाजाराच्या मागे एका अडत्याच्या गोदामात राहत होतो. रात्री राखण करायची, त्याबदली जागा. भाकऱ्या स्वतः थापायच्या. माझ्या भाकऱ्या जाड होत आणि मधे कच्च्या राहत. एकदा दुपारच्या तासाला मला घेरी आली. तास संपल्यावर सर म्हणाले, "गुरुवारी आमच्याकडे जेवायला येत जा."

ब्राह्मणांच्या गरीब मुलांना अशी सात घरी सात वार जेवायची सोय असे. वार लावून जेवणं म्हणतात ते. माळ्याच्या मुलाला कुणी वार दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सर विसरले. मी आठवण करून दिली, "सर, मी माळ्याचा."

"ठाऊक आहे. केळी लावता," ते म्हणाले.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ओसरीवर जागा करून दिली. आत सोवळं होतं. माझी पत्रावळ ओसरीच्या टोकाला. जेवून झालं की ती मीच उचलायची आणि जागा मीच शेणानं सारवायची. काकू वाढायला कधी कमी पडल्या नाहीत. तूप वाढताना हात वर असे, पण धार बारीक नसे. "लाजू नको रे किसन, मागून घे," असं त्या दर वेळी म्हणत.

मी जेवत असेपर्यंत सर जेवत नसत आणि माझ्याजवळ येऊनही बसत नसत. उंबऱ्यात उभे राहत. अर्धे आत, अर्धे बाहेर. एखादा शब्द काढीत, त्याचं गाव सांगू लागत, आणि मधेच थांबत. मी भरभर जेवून घेई, म्हणजे ते सुटतील.

अशातच वर्गात एक धडा आला. दोन वाटसरूंची गोष्ट होती आणि पहिल्याच ओळीत 'कंपॅनियन' हा शब्द होता. सोपा, रोजचा शब्द. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, "सोबती!"

"अर्थ मी विचारलाच नाही," सर म्हणाले. "सोयरे सांगा."

फ्रेंड आला, फेलो आला, मेट आला, कॉम्रेड आला. सरांनी सगळ्यांना फळ्यावर ओळीनं बसवलं आणि एकेकाला गाव विचारत निघाले. फ्रेंड हा प्रेम करणाऱ्यांच्या घरचा. मुळात त्याचा अर्थच प्रेम करणारा. कॉम्रेड म्हणजे एका खोलीत राहणारे. स्पेनच्या शिपायांकडून आला. फेलो उत्तरेच्या थंड मुलखातला. ज्यांनी आपापली गुरं एका कळपात घातली ते फेलो. "म्हणजे नुकसान झालं तर दोघांचं," सर म्हणाले. मेटचं मूळ अन्नात. 'मीट' म्हणजे आता मांस, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही अन्न. ते ज्यांचं एक, ते मेट. मग त्यांनी आपल्या 'सोबती'कडे मोर्चा वळवला आणि एका मुसलमान मुलाला उभं केलं. तो लगेच म्हणाला, "सोहबत, सर!" सर खूश झाले. "बघा. आपला सोबती अरबस्तानातून चालत आला, आणि आपण त्याला घरचाच समजतो."

शेवटी मूळ शब्द राहिला. "कंपॅनियन लॅटिनच्या घरचा," सर म्हणाले. "कॉम म्हणजे सह. पानिस म्हणजे भाकरी. ज्याच्याबरोबर बसून भाकरी खातो तो. पोर्तुगीजांनी आपल्याकडे पाव आणला ना, तो पाव याच पानिसचा सख्खा नातू."

पावाचं नाव निघताच वर्ग हसला. पाव खाल्ला की बाटला, हे सगळ्यांना घरून माहीत होतं. बळवंत उठून उभा राहिला. "सर, मग आपण पाव खायचा की नाही?"

"भाकरी खा."

"कुणाबरोबर, सर? तुमचा कंपॅनियन कोण?"

विचारताना त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली. माझा गुरुवार सगळ्यांना माहीत होता. मी मान खाली घातली. वर्ग चूप झाला, आणि या वेळी टोपी डोक्यावरच होती.

सरांनी हातातला खडू ठेवला आणि म्हणाले, "माझे दादा."

मग त्यांनी दादांची गोष्ट सांगितली. दादा त्यांचे थोरले भाऊ. अकोल्याला भिक्षुकी करत. लहानपणी पातूरला दोघं भाऊ डोंगरातल्या लेण्यांकडे खेळायला जात. आई एका फडक्यात एकच भाकरी बांधून देई. लेण्याच्या गारव्यात बसून दादा ती मोडत, कड स्वतःला ठेवून मधला मऊ भाग धाकट्याला देत आणि म्हणत, "बाळू, मला कडाच आवडतात." "मी पुष्कळ मोठा झालो तरी मला ते खरं वाटत होतं," सर म्हणाले. "दादाला कडा आवडतात म्हणून लग्नानंतरही मी त्यांच्या पानात मुद्दाम कडा काढून ठेवायचो. आणि ते खायचे." बोलताना सरांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर दादांनीच त्यांना शिकवलं होतं. दर वर्षी पितृपक्षात ते अकोल्याला जात. भावाच्या शेजारी बसून जेवणं हा त्यांचा वर्षाचा सण होता.

पुढच्या गुरुवारी बाबा अमरावतीला आले. सरांसाठी केळीचा घड आणि टोपलंभर कारली आणली होती. काकूंनी बाबांचंही पान मांडायला लावलं. बाबांना ते फार जड गेलं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. पत्रावळीसमोर ते असे बसले जसे कचेरीत बसले असावेत.

आम्ही पहिला घास घेतला असेल. सर आतून आले. हातात त्यांचं ताट होतं. उंबऱ्यात थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. ओसरीवर आले, आमच्या ओळीत, बाबांच्या शेजारी ताट ठेवलं आणि मांडी घालून बसले.

"संपतराव, कारली फार छान आहेत," ते म्हणाले.

बाबा ताडकन उठले. हात खरकटा, तसेच. "न्हाई मास्तरसाहेब, हे पाप आमच्या माथी नका मारू. तुमची जात जाईन. आमाले नरकात बी जागा नाई भेटनार." आणि माझ्याकडे पाहून, "ऊठ बे, पोट्ट्या!"

मी उठलेलाच होतो. बाबांनी म्हणण्याच्या आधी. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की सरांच्या भल्यासाठी उठलो, आणि ते खोटं नव्हतं. पण आज वाटतं, मी विचार करून उठलोच नव्हतो. अंगानं उठलो होतो.

सर उठले नाहीत. दोन अर्धवट पत्रावळींच्या शेजारी बसून ते जेवले. ताटातलं सगळं संपवलं. काकू दारात पळी धरून उभ्या होत्या. त्यांना पुढे यावं की मागे जावं कळत नव्हतं. त्याच वेळी शेजारच्या घरी अकोल्याहून आलेले कुणी पाहुणे गल्लीतून आत शिरत होते. त्यांनी पाहिलं. ओसरीवर सरांचं ताट, त्याला लागून दोन पानं, आणि अंगणात खरकट्या हातांचे आम्ही. अकोल्याला बातमी पोचायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दादा आले तो गुरुवारच होता. मी ओसरीवर होतो. उंच, गोरे, खांद्यावर उपरणं. चेहरा सरांचाच, पण टोपीऐवजी शेंडी. मी हात जोडले, त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. आत जाऊन ते झोपाळ्यावर बसले. बोलणं सगळं मला ऐकू येत होतं.

"बाळू, माझं पोट यजमानांच्या दारावर आहे. परवा पूजेला गेलो, तर चार माणसांत विचारतात, महाराज, तुमचा भाऊ माळ्यांच्या पंगतीत बसतो म्हणे. काय सांगू मी?"

"सांगा, बसतो म्हणून."

"अरे, जेवलात का तुम्ही एकत्र? खरं काय ते सांग."

मला राहवलं नाही. मी दारापर्यंत गेलो. "महाराज, नाही जेवलो. मी आणि माझे बाबा उठलो होतो. आई शप्पथ, उठलो होतो."

दादांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ऐकलंस? पोरगं स्वतःच्या तोंडानं सांगतंय. मग झालं तर! दोष घडलाच नाही. एवढंच अकोल्याला येऊन चार माणसांत म्हण, बाळू. बाकी मी पाहून घेतो."

"ते उठले दादा," सर म्हणाले. "मी नाही उठलो. मी बसलो तो त्यांच्याबरोबर जेवायलाच."

"पण झालं नाही ना जेवण!"

"नाही झालं, तो त्यांचा चांगुलपणा. तो माझ्या नावावर कसा सांगू?"

दादांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"मग अण्णांच्या श्राद्धाला मला तुझं पान मांडता येणार नाही," दादा म्हणाले. रागानं नाही म्हणाले. विचारावं तसं म्हणाले. सरांनी एकदा 'नाही जेवलो' म्हणावं याची ते वाट पाहत होते, हे मला ओसरीवरून कळत होतं.

"बरं," सर म्हणाले.

दादा पाणीसुद्धा न घेता निघाले. पण पिशवीतून काकूंसाठी आणलेली लोणच्याची बरणी काढून कोनाड्यात ठेवली, आणि पायरीवरून मागे वळून काकूंना म्हणाले, "बाळूचा खोकला बघ. रात्री ज्येष्ठमध देत जा."

त्यानंतर मी सरांकडे जाणं सोडलं. मनाशी म्हटलं, आपण गेलो नाही की बोभाटा थांबेल, दादा निवळतील, येत्या पितृपक्षात सरांचं पान मांडलं जाईल. हे मी खरंच मनापासून म्हणत होतो. पण त्याच दिवसांत बळवंतानं मला 'कंपॅनियन' म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती आणि अख्खा वर्ग तेच म्हणू लागला होता, हेही खरं आहे. दोन्हींतलं कोणतं कारण मोठं होतं, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

वर्गात सर पूर्वीसारखेच शिकवीत. गुरुवारबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. फुटाणे द्यायचे झाले तर आता माझ्या तळहातावर ठेवीत, आणि ठेवताना त्यांची बोटं लागत.

इंटरच्या परीक्षेआधी तास बंद झाल्यावर एका गुरुवारी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जात होतो. मुद्दाम गेलो नव्हतो. एरवी तो रस्ता मी मुद्दाम टाळतच आलो होतो. लांबून ओसरी दिसली. सर भिंतीला टेकून बसले होते. पुढे दोन पानं मांडलेली. एक त्यांचं, एक रिकामं. काकू बाहेर आल्या, काही बोलल्या, आत गेल्या. सरांनी गल्लीकडे पाहिलं. मी अडत्याच्या निरोपाची घाई असल्यासारखा भराभर पुढे निघालो. निरोप कसलाच नव्हता. ते मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

इंटर झाल्यावर मी नागपूरला आलो. इथे आमच्यासारख्या मुलांसाठी वसतिगृह आहे, सगळे एका ओळीत जेवतो, कुणी कुणाला विचारत नाही. पहिल्या दिवशी त्या ओळीत बसताना मला सरांची आठवण झाली आणि वाटलं, दिवाळीला जाताना अमरावतीला उतरू, गुरुवार पाहूनच उतरू. त्या वर्षी उतरलो नाही. पुढच्या वर्षीही गाडी बडनेऱ्याला, अमरावतीच्या फाट्यावर, थांबली आणि मी खिडकीशी बसून राहिलो. या वर्षी ठरवलंच होतं; पण गावी आधी जाऊन यावं, परतताना उतरू म्हटलं.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा विहिरीपाशी पालकाच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसून त्यांना केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, दोर देत होतो. त्यांनी वर न पाहता विचारलं, "तुह्या मास्तरचं समजलं का तुले?"

"काय?"

"मले वाटलं समजलं असन. तिकडं कागद गिगद येतेत तुमाले." त्यांनी एक जुडी बांधून पाण्यात टाकली. "पितरपाटात अकोल्याले गेलो होतो मी, त्याच्या भावाच्या घरी. केळीची पानं आन् अळू पोचवाले, पितरपाटात बाम्हनांच्या घरी देतो ना आपन, तसं. मांगच्या दारानं गेलो. पाहातो तं काय, ओसरीवर एकटाच बसला होता मास्तर. पार वाळून गेलता, खोकून राहिला होता. आत बाम्हनांची पंगत बसली होती, आन् याचं पान भायेर. भावानंच बलावलं होतं म्हने या वर्षी, पन ओसरीवर ये म्हने. तोच वाढून राहिला होता त्याले, हात असा वर धरून."

बाबांनी हात वर धरून दाखवला. ती उंची मला माहीत होती.

"मंग?"

"मंग काय. त्यानं वळखलं मले. म्हने, संपतराव, कारली आनली का? मी टोपलं खाली ठेवलं. आपन पानावरून उठलो होतो त्या दिवसाचं आठवलं. त्याचं पान असं एकटं, कोपऱ्यात. मी म्हनलं, आता पाप लागलं तं लागलं. विहिरीवर हात धुतले, माही शिदोरी सोडली आन् बसलो त्याच्या बाजूले."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला.

"त्यानं आपल्या पानातला वडा माह्या फडक्यावर ठेवला. माही भाकर घेतली, मोडली. कड आपल्याले ठेवली आन् मधातला नरम भाग मले देल्ला. म्हने, मले कडाच आवडतेत संपतराव. येवढ्या शिकल्या मानसाले कड कायले आवडन? पन खाल्ली त्यानं. चाऊनशान खाल्ली."

"आणि दादा?"

"भाऊ उंबऱ्यात उभा होता, हातात पळी. पाहून राहिला होता आमच्याकडं. आत बलावत होते त्याले, वाढा म्हनून, तरी हालला नाई." बाबांनी आणखी एक जुडी पाण्यात टाकली. "तुहं इचारलं मास्तरनं. मी म्हनलं, नागपुराले हाय, बरा हाय. तं म्हने, सांगजा त्याले, गुरुवार अजून त्याचाच हाय. दुसऱ्या कोनाले देल्ला नाई म्हना. मी म्हनलं, दिवाईले येते तवा सांगतो."

विहिरीवर मोट रिकामी झाली आणि पाणी पाटात पसरलं. बाबांनी पुढची जुडी हातात घेतली, पण बांधली नाही.

"मंग सर्वपित्रीले पुन्हा गेलो पानं घेऊन. मांगच्या दारी भाऊच आला. डोकं भादरलेलं. मले म्हने, बाळू गेला, संपत. इथंच गेला. आन् तो त्या ओसरीवर बसला, जिथं मास्तर बसला होता तिथंच. मी पानं खाली ठेवली, उभा राह्यलो. मंग त्यानं इचारलं मले, त्या दिशी जेवतानी काय बोलत होते रे तुमी दोघं?"

"काय सांगितलं तुम्ही?"

"मी म्हनलं, काई नाई महाराज. जेवून राह्यलो होतो."